नऊ होलची मोजणी

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या एका मित्राचा अमेरिकेहून फोन आला. साहेब नुकतेच शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहायला गेलेत. योगायोग असा की मी जिथे तीन वर्षं काढली तेच ते गाव. इंडियन ग्रोसरी कुठे, केस कुठे कापायचे वगैरे विचारून झाल्यावर म्हणाला, "अरे, तू तिथे गोल्फ खेळायचास ना? ऑफिसातले लोक बोलावतायत, मला काडीचंही येत नाही. कसं खेळायचं सांग ना."

आता फोनवर गोल्फ सांगणं म्हणजे फोनवर पोहायला शिकवणं. म्हटलं, शनिवारी लिहूनच काढतो. त्याचंही काम होईल आणि तुमचाही थोडा वेळ जाईल.

आधी एक खुलासा. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकात सिग्नलला थांबत आलो, पण आतलं गोल्फ कधी दिसलं नाही. हा आपला खेळच नव्हे अशी खात्री होती. अमेरिकेत गेल्यावर कळलं की इलिनॉयमध्ये पार्क डिस्ट्रिक्ट नावाचा प्रकार असतो. ही नगरपालिकेहून वेगळी, स्वतःचा कर घेणारी संस्था. बागा, पोहण्याचे तलाव, लहान मुलांचे क्लास, आणि बऱ्याच गावांत गोल्फ कोर्ससुद्धा तीच चालवते. आमच्या गावचा कोर्स असाच. नऊ होल, एकूण २५१० यार्ड, पार ३४. म्हणजे बऱ्यापैकी खेळणाऱ्याने नवाच्या नऊ होल्स मिळून ३४ फटक्यांत संपवाव्यात अशी अपेक्षा. माझा आजवरचा सर्वोत्तम स्कोअर ४७. त्यामुळे खालचा सल्ला कितपत मानायचा ते तुम्हीच ठरवा!

नियमाने पिशवीत चौदा क्लब ठेवता येतात. माझ्याकडे नऊ होते, एका गराज सेलमध्ये चाळीस डॉलरला घेतलेले. आणि दहावे होते बाबा.

बाबा २०२३ च्या मे महिन्यात आईसोबत सहा महिन्यांसाठी आले होते. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. वडूज, पाटण, कोरेगाव अशी सातारा जिल्ह्यात उभी नोकरी झाली, ती सगळी लोकांच्या बांधाबांधांवरून चालण्यात. अपार्टमेंटमध्ये चार दिवसांत कंटाळले. एका शनिवारी त्यांना सहज कोर्सवर नेलं, तर हे गेटातच थांबले. सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, "पन्नास एकर तरी असेल. आणि पीक काय, तर गवत!"

स्टार्टर म्हणजे पहिल्या टीपाशी बसून लोकांना क्रमाने सोडणारे गृहस्थ. ते सत्तरीचे होते. त्यांनी बाबांकडे बघून विचारलं, हेही खेळणार का? मी म्हटलं, नाही, हे स्कोअर लिहिणार. "मग चालेल," म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी आमची जोडी. मी मारणार, बाबा माझी ढकलगाडी ओढणार आणि कार्ड लिहिणार.

खाली जे स्कोअर दिलेत ते शनिवार, १५ जुलै २०२३ चे. त्याच दिवसाचे का, ते पुढे येईलच.

पहिलं होल (पार ४, ३१० यार्ड)

सरळ, रुंद, सोपं. अवघड एवढंच की क्लबहाउसच्या डेकवर कॉफी पीत बसलेली दहा माणसं तुमच्याकडे बघत असतात. एकटेदुकटे गेलात तर स्टार्टर तुम्हाला दोन अनोळखी माणसांबरोबर जोडून देतो, तेही बघत असतात. इथे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब काठी, काढू नका. सात नंबरची आयर्न घ्या आणि चेंडू नुसता पुढे ढकला.

आपण क्रिकेटवाले. बॅट आडवी फिरवून चेंडू लेगला ओढायची सवय हाडात. गोल्फमध्ये तसा हात बाहेरून आत आला आणि क्लबचं तोंड उघडं राहिलं की चेंडू फिरकी घेऊन उजवीकडे पळतो. याला स्लाईस म्हणतात. मग आपण शहाणपणाने डावीकडे तोंड करून उभे राहतो, त्याने हात आणखी बाहेरून येतो आणि चेंडू आणखी उजवीकडे जातो. माझे पहिले सहा महिने असेच गेले.

आणि हो, कोणी "फोर!" असं ओरडलं तर टाळ्या वाजवू नका. चौकार नाहीये तो. डोकं झाका. (स्वानुभव.)

बाबांनी पहिल्याच दिवशी हे अंतर पावलांनी मोजलं होतं. "अठ्ठावीस साखळ्या," म्हणाले. त्यांची शंकू साखळी ३३ फुटांची, म्हणजे ११ यार्ड. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण क्रिकेटचं २२ यार्डांचं पिच म्हणजे बरोबर एक गंटर साखळी, हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं क्रिकेट खेळून!

स्कोअर ६.

दुसरं होल (पार ३, १३५ यार्ड)

ग्रीनच्या पुढ्यात एक मोठा बंकर. ग्रीन म्हणजे जिथे भोक असतं तो बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, आणि बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. इथे नवशिक्यांचे बहुतेक चेंडू कमीच पडतात, कारण आपण आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका गृहीत धरून काठी निवडतो. एक नंबर मोठी काठी घ्या, निवांत मारा.

वाळूत गेलातच तर सँड वेज काढा. तिचा तळ जाड असतो, त्यामुळे ती वाळूत रुतत नाही. जीन साराझेन या खेळाडूने अशी वेज घडवून १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली, आणि मग सगळ्यांनीच ती घेतली. चेंडूला मारायचं नाही. चेंडूच्या दोन इंच मागे वाळूला मारायचं, वाळूच चेंडूला बाहेर काढते.

कार्ड लिहायला जी छोटी पेन्सिल मिळते तिला मागे खोडरबर नसतो. बाबांनी हे लगेच हेरलं होतं. "बरोबर आहे. फील्डबुकात खोडायचं नसतंच. चुकलं तर काट मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची."

स्कोअर ४.

तिसरं होल (पार ४, ३४० यार्ड)

मधोमध उच्चदाबाच्या विजेच्या तारा. चेंडू तारेला लागला तर तो फटका मोजायचा नाही, पुन्हा मारायचा, असा स्थानिक नियम कार्डाच्या मागे छापलाय. मला तारेला नेम धरूनही कधी लागला नाही.

खरा त्रास कॅनडा गूज नावाच्या बदकांचा, म्हणजे हंसांच्या जातीतल्या त्या गलेलठ्ठ पक्ष्यांचा. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि ते त्यांना ठाऊक असावं, कारण कोणी आलं तरी हलत नाहीत. त्यांची घाण चेंडूच्या आड आली तर नियमाने ती बाजूला करता येते, दंड नाही. कशाने बाजूला करायची ते मात्र तुम्हीच ठरवा.

स्कोअर ६.

चौथं होल (पार ५, ४७० यार्ड)

सगळ्यात लांब. तीन मध्यम फटके मारा, पराक्रम नको. सगळं होल ओढ्याकाठच्या सखल जमिनीतून जातं. शिकागोच्या उपनगरांत असे बरेच कोर्स पुराच्या पट्ट्यात असतात. तिथे घरं बांधता येत नाहीत, मग गवत लावायचं आणि मोठा पाऊस झाला की पाणी तिथे मावू द्यायचं. दोन इंच पाऊस झाला की आमचं चौथं होल बंद.

इथल्या ग्रीनवर मी महिनोन्महिने फसलो. बघताना वाटतं उतार डावीकडे आहे, पण चेंडू हमखास उजवीकडे वळतो. एका शनिवारी मी असाच वैतागलेलो असताना बाबा उकिडवे बसले. ग्रीनकडे बघितलंच नाही त्यांनी, लांब ओढ्याकडे बघितलं. "पावसाचं पाणी शेवटी जाणार कुठे? तिकडे. मग जमीन तिकडेच उतरणार. मागच्या टेकाडामुळे तुझी नजर फसते."

तेव्हापासून आमच्या कोर्सवर माझा एकच नियम: शंका आली की ओढा शोधा. भोक फक्त सव्वाचार इंचांचं असतं, म्हणजे १०८ मिलिमीटर. हे माप १८९१ पासून ठरलेलं आहे. वीतभर चुकलं तरी चुकलंच.

तरीही त्या दिवशी स्कोअर ८. बाबांनी लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. ओढा माहीत असूनही मी तीन पट घालवले होते. लक्ष नव्हतं.

पाचवं होल (पार ३, ११० यार्ड)

बरोबर दहा साखळ्या, आणि त्यातल्या आठ पाण्यावरून. तळं आहे. एरवी ११० यार्ड म्हणजे लहान मुलाचं काम, पण मध्ये पाणी दिसलं की हात आखडतो. युक्ती एकच. खिशातला जुना चेंडू काढू नका. जुना चेंडू काढलात म्हणजे तो जाणार हे तुम्ही आधीच मान्य केलंत.

मी त्या दिवशी जुना काढला. डुबुक. एक फटका, एक दंड, मग लाल खुंट्यांच्या अलीकडे गुडघ्याच्या उंचीवरून दुसरा चेंडू सोडायचा. (पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडत, २०१९ पासून गुडघा.)

स्कोअर ५.

सहावं होल (पार ४, ३६० यार्ड)

हे होल मध्येच उजवीकडे वळतं. म्हणजे आपल्यासारख्या स्लाईसवाल्यांसाठी परमेश्वराने केलेली सोय! नेहमीसारखं चुका, चेंडू आपोआप कोपरा वळून जाईल. फक्त कोपऱ्यावरच्या कॉटनवुडच्या झाडांवरून मारायच्या फंदात पडू नका. जून महिन्यात त्यांचा कापूस उडतो आणि रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, सगळीकडे पांढरं पांढरं होतं. त्यात पांढरा चेंडू शोधायचा, तोही तीन मिनिटांत. त्यानंतर तो नियमाने हरवला.

होल वळतंच आहे तर मीही जरा वळतो. १३ जून २०२३ ला माझी नोकरी गेली. सकाळी नऊला पंधरा मिनिटांची मीटिंग, सव्वानऊला लॅपटॉप बंद. कंपनीचं नाव घेत नाही, त्या वर्षी अशा पुष्कळ होत्या. एच-वन-बी व्हिसावर असल्यामुळे साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर देश सोडायचा.

आईबाबांना येऊन तेव्हा महिना झाला होता. आईने तोवर शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगून झालं होतं की आमचा मुलगा कसा मोठ्या कंपनीत आहे. मी सांगितलं नाही. रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन निघायचो आणि गावच्या वाचनालयात जाऊन बसायचो. अर्ज करायचे, इंटरव्ह्यू द्यायचे, साडेपाचला "आज फार काम होतं" म्हणत घरी. २७ जूनला कॅनडातल्या वणव्यांचा धूर शिकागोवर उतरला. हवा इतकी वाईट की घराबाहेर पडू नका असं टीव्हीवर सांगत होते. आमच्या बिल्डिंगमधले सगळे आयटीवाले घरून काम करत होते. मी एकटा डबा घेऊन निघालो. बाबा खिडकीत उभे होते. काही बोलले नाहीत.

स्कोअर ७.

सातवं होल (पार ४, २९० यार्ड)

आखूड आहे म्हणून ड्रायव्हर काढायचा मोह होतो. काढू नका. उजवीकडे लोकांच्या घरांची परसदारं आहेत आणि तिथे पांढऱ्या खुंट्या ठोकल्यात. त्यांच्या पलीकडे चेंडू गेला की तो कोर्सच्या हद्दीबाहेर. तुमचं लक्ष्य डावीकडचा एकटा मेपल. तिकडे मारा, उजवीकडे आपोआप थोडा येईलच.

गोल्फमध्ये अंपायर नसतो, निदान आपल्यासारख्यांना नसतो. स्वतःचा दंड स्वतः सांगायचा. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने माझा चेंडू जरासा हलला असं स्वतःहून सांगून एक फटका वाढवून घेतला. दुसऱ्या कोणी ते बघितलं नव्हतं. शेवटी त्याची बरोबरी झाली, आणि प्लेऑफमध्ये तो विली मॅकफार्लेनकडून हरला. हा किस्सा मी बाबांना मोठ्या कौतुकाने सांगितला होता, जूनच्या पहिल्या आठवड्यात.

त्या दिवशी मी ड्रायव्हर काढला. चेंडू उजवीकडे, खुंट्यांच्या रांगेजवळ. पुढे जाऊन बघितलं आणि म्हटलं, "आत आहे."

बाबांनी गाडी उभी केली. मागच्या खुंटीपाशी गेले, उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून पुढच्या खुंटीची रेघ धरली. चाळीस वर्षं लोकांच्या भांडणात त्यांनी हेच केलं होतं. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल इतका चेंडू बाहेर होता असं नाही. चेंडूचा थोडा जरी भाग आत असेल तरी तो आत धरतात. पण तेवढाही नव्हता.

"चार बोटं बाहेर आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, कोण बघतंय? मागचे लोकही लांब आहेत."

"मी बघतोय ना."

रागावले नव्हते. पेन्सिल कानामागून काढली आणि वाट बघत उभे राहिले. खरं तर हद्दीबाहेर गेला की मागे टीवर जाऊन पुन्हा मारायचं असतं. पण २०१९ पासून कोर्सला असा स्थानिक नियम करता येतो की दोन फटके दंड घ्या आणि जवळच्या फेअरवेच्या कडेला चेंडू सोडा. आमच्याकडे तो आहे. मी चेंडू सोडला आणि चौथा फटका मारला.

स्कोअर ७.

आठवं होल (पार ३, १६५ यार्ड)

चढावर आहे, त्यामुळे १८० यार्डाचं समजून काठी घ्या. ग्रीनच्या मागे काही नाही, लांब गेला तरी चालेल. शनिवारी इथे हमखास रांग लागते. टीजवळ झाडाखाली एक बाक आहे. पाण्याची बाटली असू द्या.

आमच्यापुढे दोन ग्रुप होते. आम्ही बाकावर बसलो. बाबा कार्डाची बेरीज करत होते. ती झाल्यावर, मान वर न करता म्हणाले, "ऑफिस सुटलं का तुझं?"

मला आधी वाटलं, आज शनिवार आहे असं म्हणावं. मग म्हटलं, "हो."

"केव्हा?"

"तेरा जूनला."

"तुझं ते गळ्यातलं ओळखपत्र दारामागच्या खुंटीला होतं. धुराच्या आधीपासून दिसत नाही." थोडा वेळ थांबले. "मुदत किती?"

मी साठ दिवसांचं सगळं सांगितलं. व्हिसा, अर्ज, तीन इंटरव्ह्यू, पुण्यातल्या एका कंपनीशी चाललेलं बोलणं. एकदा सुरुवात झाल्यावर थांबवेचना. पुढचे लोक मारून गेले, मागच्यांना आम्ही पुढे जाऊ दिलं.

"म्हणजे राहिले किती?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस म्हणजे पहिलं होल," बाबा म्हणाले.

मला हसू आलं आणि मग जरा वेळ चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी एक सांगितलं, जे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पाटणला असताना दोन भावांच्या मोजणीत त्यांची चूक झाली होती. साखळ्या मोजताना एक कमी धरली. घरी येऊन रात्री कागदावर बसल्यावर लक्षात आलं. नकाशा अजून दिला नव्हता, आकडा जुळवून देता आला असता. "दोन रात्री झोप नाही. तुझ्या आईला सांगितलं नाही, साहेबांना नाही. तिसऱ्या दिवशी एसटीने परत गेलो आणि दोघा भावांसमोर सांगितलं की माझी चूक झाली, परत मोजतो."

"मग?"

"मग काय? शिव्या खाल्ल्या आणि परत मोजलं. त्या दोन रात्री फुकट गेल्या एवढंच." उठून त्यांनी मला काठी काढून दिली. "आईला तू सांगायचंस. आजच. मी नाही सांगणार."

मी १८० यार्डाचं समजून मारला. ग्रीनवर पडला नाही, पण जवळ पडला.

स्कोअर ४.

नववं होल (पार ४, ३३० यार्ड)

परत क्लबहाउसकडे. डेकवरची माणसं परत बघत असतात, पण एव्हाना तुम्हाला फरक पडत नाही. डावीकडून खेळा, उजवीकडे दोन बंकर आहेत. ग्रीन मागून पुढे उतरतं, त्यामुळे भोकाच्या खालच्या बाजूला राहा, म्हणजे शेवटचा पट चढाचा मिळेल. चढावर जरा जोरात मारता येतं, उतारावर नुसता स्पर्श केला तरी चेंडू थेट पार्किंगच्या दिशेने निघतो.

स्कोअर ५. एकूण ५२. बाबांनी खाली तारीख घातली आणि सही केली. माझ्याकडूनही करून घेतली.

आईला त्या संध्याकाळी सांगितलं. ती आधी रडली, मग महिनाभर डबा नेऊन कुठे बसत होतास म्हणून चिडली, आणि मग विचारलं, "वाचनालयात खायला देतात तरी का?" (नाही. गाडीत बसून खायचो.) दुसऱ्या दिवसापासून मी घरीच जेवणाच्या टेबलावर बसून अर्ज करायला लागलो. इंटरव्ह्यू चालू असला की आई कुकर लावायची नाही.

अमेरिकेत काही जमलं नाही. पुण्याची नोकरी पन्नासाव्या दिवशी पक्की झाली. सामान विकलं, आईबाबांची तिकिटं अलीकडे आणली आणि आम्ही तिघं एकाच विमानाने परतलो. आता मी हिंजवडीला जातो. गोल्फ क्लब चौकात अजूनही कधीमधी सिग्नलला थांबतो. त्या नऊ काठ्या कुठे ठेवायच्या म्हणून साताऱ्याला माळ्यावर आहेत. बाबा त्यातली पटर घेऊन सकाळी फिरायला जातात, कुत्र्यांसाठी.

तर मित्रा, थोडक्यात: पहिल्यावर ड्रायव्हर नको, चौथ्यावर ओढा शोध, पाचव्यावर नवा चेंडू, सातव्यावर मेपल. पाण्याची बाटली आठव्याच्या बाकासाठी ठेव. आणि स्टार्टर आजोबा अजून तिथे असतील तर त्यांना सांग, ते कार्ड लिहिणारे गृहस्थ बरे आहेत म्हणून.